क्लबची निवडणूक ते चेंज रिपोर्ट: कोणता कागद कधी करायचा आणि तो कुठे चुकतो

जिमखाना किंवा क्लबची निवडणूक होते, निकाल लागतो, हार-तुरे होतात. वर्षभराने बँक नव्या खजिनदारांची सही मानायला तयार नसते, कारण चेंज रिपोर्ट, म्हणजे कमिटी बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात अडकलेला असतो. कारण शोधायला गेलं की ते मतदानाच्या दिवशी सापडत नाही. ते त्याच्या दोन महिने आधीच्या एखाद्या कागदात असतं: नोटीस चुकीच्या माणसाने काढली, पोच ठेवली नाही, यादीवर हरकती मागवल्याच नाहीत.

म्हणून हा लेख उलट्या दिशेने विचार करून लिहिला आहे. शेवटी सहायक धर्मादाय आयुक्तांपुढे काय दाखवावं लागणार, ते आधी ठरवायचं आणि त्यानुसार पहिल्या दिवसापासून कागद तयार करायचे.

इथे गृहीत धरलेला क्लब संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेला आहे. नोंदणी क्रमांकात ‘एफ’ हे अक्षर असेल तर तुमचा क्लब याच प्रकारातला. काही क्लब कंपनी म्हणून नोंदलेले असतात. त्यांना कंपनी कायदा, २०१३ लागतो, सभेची नोटीस साधारणपणे पूर्ण २१ दिवसांची (कलम ८ खालच्या कंपनीला १४) द्यावी लागते आणि चेंज रिपोर्टचा प्रश्नच येत नाही. त्यांनी मतदार यादी आणि मतमोजणीचे टप्पे तेवढे वाचावेत.

टप्पा १: तीन कागद हातात घ्या (सभेआधी ७५ दिवस)

पहिला कागद म्हणजे मंजूर घटनेची, म्हणजे क्लबच्या नियमावलीची, प्रमाणित प्रत. सभासदांना प्रवेशाच्या वेळी जी छापील पुस्तिका देतात ती चालणार नाही. त्या पुस्तिकेत वेळोवेळी सभेत झालेल्या दुरुस्त्या घुसवलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या कधी दाखलच केलेल्या नसतात. नकलेसाठी अर्ज करा, प्रमाणित प्रत मिळवा आणि पुस्तिकेशी ओळ न् ओळ ताडून पाहा. फरक दिसला तर प्रमाणित प्रत खरी धरायची.

दुसरा कागद शेड्यूल एकचा, म्हणजे पीटीआरचा (सार्वजनिक न्यासांच्या सरकारी नोंदवहीचा), ताजा उतारा. आज सरकारदरबारी विश्वस्त (म्हणजे कमिटीचे सदस्य) म्हणून कोणाची नावं आहेत ते यातून कळतं. तिसरा, मागच्या निवडणुकीच्या चेंज रिपोर्टवरचा आदेश. तो झाला नसेल तर अर्जाचा क्रमांक आणि सद्यस्थिती.

या तिन्हींमधून एका पानावर पुढच्या गोष्टी टिपून घ्या: कमिटीची मुदत आणि संख्या, नोटीस किती दिवसांची आणि कशी पाठवायची, सभेचा कोरम, तहकूब सभेचा नियम, मतदानाचा हक्क कोणत्या वर्गाला, थकबाकीबद्दलचा नियम, उमेदवारीची पात्रता, रिकामी जागा भरण्याची पद्धत. ज्या बाबतीत घटना गप्प आहे तिथे ‘घटनेत नाही’ असं लिहा. त्या प्रत्येक जागी कमिटीला आधी ठराव करून पद्धत ठरवावी लागेल आणि ती सगळ्यांना कळवावी लागेल.

*तपासा:* शेड्यूल एकवर दोन निवडणुकांपूर्वीची नावं असतील तर मधला चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे किंवा दाखलच झालेला नाही. तो आधी मार्गी लावा. जुन्या ‘क’ कमिटीच्या जागी एकदम ‘ग’ कमिटी आली असं दाखवून मधली ‘ख’ गाळू नका. साखळी तुटली की हरकत घेणाऱ्याला आयता मुद्दा मिळतो.

*सावधान:* कमिटीची मुदत संपून गेली असेल आणि मुदतवाढीबद्दल घटनेत काहीच नसेल, तर नोटीस काढण्याचा अधिकार कोणाला हाच पहिला वाद होतो. अशा वेळी परस्पर सभा बोलावण्यापेक्षा धर्मादाय कार्यालयाकडे १९५० च्या कायद्याच्या कलम ४१अ खाली निवडणुकीसाठी निर्देश मागावेत. वेळ जाईल, पण नंतरची वर्षं वाचतील.

टप्पा २: मतदार यादी (सभेआधी ६० ते ३८ दिवस)

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्लबच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली सभासदांची यादी म्हणजे मतदार यादी नव्हे. मतदार यादीत निदान एवढे रकाने हवेत: सभासद क्रमांक, पूर्ण नाव, वर्ग, प्रवेशाची तारीख, प्रवेश मंजूर करणाऱ्या ठरावाचा क्रमांक, पत्ता, वर्गणी कुठपर्यंत भरली, मताधिकार आहे की नाही, आणि शेरा.

प्रवेशाची तारीख आणि ठराव क्रमांक हे दोन रकाने बहुतेक क्लब टाळतात. पण निवडणुकीच्या तोंडावर पन्नास-साठ नवे सभासद आले की वाद नेमका त्यावरच उभा राहतो. प्रवेश देणाऱ्या बैठकीला कोरम होता का, प्रवेश फी त्या तारखेला खात्यात जमा होती का, मतदानासाठी घटनेत काही किमान कालावधी आहे का, हे प्रत्येक नव्या नावापुढे तपासून शेऱ्यात लिहा.

आता थकबाकी. १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजताही येत नाही. यावरून तीन चुका सर्रास होतात.

एक, कँटीनचं बिल, कार्डरूमचं बिल किंवा बारचं बिल थकलं म्हणून नाव कापलं जातं. कलमात शब्द वर्गणीचा आहे. इतर थकीत बिलांसाठी मताधिकार रोखायचा असेल तर तसं घटनेत स्पष्ट लिहिलेलं हवं.

दोन, जीएसटीचा फरक. सभासदाने सवयीने ६,००० रुपये भरले, बिल १८ टक्के करासह ७,०८० चं होतं. सॉफ्टवेअर १,०८० रुपये थकबाकी दाखवतं आणि माणूस यादीबाहेर जातो. अशी नावं वेगळी काढा, प्रत्येकाला लेखी कळवा आणि भरायला मुदत द्या. केवळ या फरकावर कोणाचं मत नाकारणं अंगाशी येऊ शकतं.

तीन, मताधिकार नसणं आणि सभासदत्व रद्द होणं यात गल्लत. थकबाकीदार मत देऊ शकत नाही, तरी घटनेप्रमाणे कारवाई होऊन सभासदत्व जाईपर्यंत तो सभासदच असतो. त्याचं नाव नोंदवहीतून खोडू नका. शेऱ्यात ‘थकबाकी, मताधिकार नाही’ एवढंच लिहा.

शेवटची तारीख ठरवताना तिची वेळही ठरवा आणि पैसे कधी ‘मिळाले’ धरायचे तेही सांगा. रात्री अकराला केलेलं ऑनलाइन पेमेंट चालेल का? चेक दिल्याची तारीख धरणार की वटल्याची? हे आधी लिहून लावलं नाही तर निर्णय माणूस बघून होतो, किंवा तसा आरोप तरी नक्की होतो.

कुटुंब सभासदत्वात मत एक की दोन, कंपनीच्या नावे असलेल्या सभासदत्वात मत कोण देणार (त्यासाठी त्या कंपनीचं अधिकारपत्र किती तारखेपर्यंत हवं), सहयोगी आणि तात्पुरत्या सभासदांना हक्क आहे का, हे घटनेतल्या नियमाच्या क्रमांकासह यादीच्या वर छापा. प्रॉक्सी (दुसऱ्याच्या वतीने मत) घटनेत नसेल तर नाही. ‘आजवर चालत आलंय’ हे कारण चौकशीत टिकत नाही.

मयत सभासदांची नावं काढायला मृत्यूचा दाखला किंवा घरच्यांचं पत्र जोडा. ‘वारले असं ऐकलं’ या आधारावर काढलेलं नाव मतदानाला हजर राहिल्याचे किस्से मराठी क्लबविश्वात कमी नाहीत.

कच्ची यादी ५० व्या दिवशी फलकावर लावा, सात दिवस लेखी हरकती घ्या, प्रत्येक हरकतीवर दोन ओळींत कारण देऊन निर्णय द्या आणि ३८ व्या दिवशी पक्की यादी जाहीर करा. त्यानंतर यादीला हात लावायचा नाही, अगदी अध्यक्षांच्या मेहुण्याचं नाव राहिलं असलं तरी.

टप्पा ३: निवडणूक अधिकारी आणि वेळापत्रक

निवडणूक अधिकारी कमिटीच्या ठरावाने नेमा, यादीचं काम सुरू होण्यापूर्वी. हरकतींवरचे निर्णय त्यांनीच द्यायचे. ते उमेदवार नसावेत, कोणत्याही उमेदवाराचे नातेवाईक नसावेत. क्लबचे पगारी मॅनेजर नकोत, कारण त्यांचा पगार निवडून येणाऱ्यांच्याच हातात असतो. क्लबचे हिशेब तपासनीसही नकोत. त्यांचा अहवाल त्याच सभेपुढे येणार असतो. बाहेरचे वकील किंवा निवृत्त न्यायिक अधिकारी उत्तम.

घटनेत १५ दिवसांची नोटीस असेल तर वेळापत्रक साधारण असं बसतं. ० म्हणजे सभेचा आणि मतदानाचा दिवस.

−७५: घटना, शेड्यूल एक, मागचा आदेश
−६०: कमिटीची बैठक, तारीख, निवडणूक अधिकारी, कार्यक्रम मंजूर
−५०: कच्ची मतदार यादी
−४३: हरकतींची शेवटची तारीख
−३८: पक्की यादी
−३५: सभेची नोटीस आणि निवडणूक कार्यक्रम रवाना
−२५ ते −२०: उमेदवारी अर्ज
−१९: छाननी
−१६: माघार, संध्याकाळी ५ पर्यंत
−१५: उमेदवारांची अंतिम यादी, मतपत्रिका छपाईला
०: मतदान, मोजणी, सभा
+१४: १८६० च्या कायद्याच्या कलम ४ ची कार्यकारी मंडळाची यादी दाखल
+३०: चेंज रिपोर्ट दाखल (कायद्याची हद्द +९०)

हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि सहा महिन्यांच्या आत त्यांची तपासणी व्हायला हवी, म्हणून बहुतेक क्लबांची सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते. तारीख ठरवताना गणपती कुठे येतात ते आधी बघा. विसर्जनाच्या आदल्या रविवारी ठेवलेल्या सभेला कोरम होत नाही आणि त्या आठवड्यात पोस्टही रेंगाळतं.

टप्पा ४: नोटीस

चेंज रिपोर्टच्या चौकशीत पहिला प्रश्न नोटिशीचाच असतो: कोणी काढली, कधी पाठवली, कशी पाठवली, पोच कुठे आहे.

कोणी: घटनेत ज्या पदाला अधिकार आहे त्याच पदाधिकाऱ्याने, कमिटीच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख नोटिशीत लिहून. चिटणीस परदेशी आहेत म्हणून सहचिटणिसांनी सही केली असेल तर तसा अधिकार देणारा ठराव आधीच्या तारखेचा हवा.

कधी: पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून दिवस मोजा. घटनेत ‘पूर्ण दिवस’ हे शब्द नसले तरी असंच मोजा, वर पोस्टाचे पाच दिवस धरा.

कशी: घटनेत लिहिलं असेल तशीच. जुन्या घटनांमध्ये ‘यूपीसीने’ (पाठवल्याचा दाखला मिळणाऱ्या साध्या टपालाने) असं असतं. ती सेवा टपाल खात्याने २०११ मध्येच बंद केली. ‘रजिस्टर पोस्टाने’ असेल तर तेही २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. अशा वेळी कमिटीने ‘मूळ पद्धत उपलब्ध नसल्याने स्पीड पोस्टने’ असा ठराव करावा आणि याच सभेत घटना दुरुस्तीचा विषय घ्यावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली नोटीस घटनेत तरतूद नसेल तर फक्त आठवण ठरते. जरूर टाका, पण तिच्यावर विसंबू नका.

पोच: पोस्टाचा शिक्का असलेली नावनिहाय यादी, पावत्या, हातोहात दिलेल्यांची सहीची वही. वर्तमानपत्रात दिली असेल तर कात्रण नको, तारखेसह पूर्ण पान ठेवा. परत आलेले लिफाफे न फोडता जपून ठेवा. पत्त्यावर पाठवल्याचा तोच पुरावा.

मजकुरात तहकुबीचं वाक्य विसरू नका. घटनेत तशी तरतूद असेल तर असं लिहा: ‘नियोजित वेळी गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करून घटनेतील नियम क्र. __ प्रमाणे त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.’ घटनेत अर्ध्या तासाऐवजी सात दिवस असतील तर सात दिवसच. हे वाक्य दुसऱ्या क्लबच्या नोटिशीतून उचलून आणलेलं असतं आणि आपल्या घटनेशी जुळत नाही, ही चूक फार जुनी आहे.

*सावधान:* ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ याखाली वर्गणीवाढ, घटना दुरुस्ती, सभासदाचं निलंबन किंवा जागेचा व्यवहार मंजूर करून घेऊ नका. जो सभासद घरी राहिला त्याला हा विषय आहे हे माहीतच नव्हतं, एवढ्यावर ठराव पडतो.

घटना दुरुस्तीबद्दल आणखी एक. क्लबचे उद्देश बदलायचे असतील तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ लागतं: प्रस्ताव लेखी स्वरूपात दहा दिवस आधी सभासदांकडे, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिनाभराच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश. बाकी नियमांची दुरुस्ती घटनेतच दिलेल्या पद्धतीने. दोन्ही एकाच सभेत, हात वर करून, ‘सर्वानुमते’ उरकणारे क्लब पुढे टप्पा १ मध्येच अडकतात, कारण मंजूर घटना जुनीच राहते.

टप्पा ५: उमेदवारी अर्ज, छाननी, माघार

अर्जावर उमेदवाराची संमतीची सही हवीच. सूचक आणि अनुमोदक पक्क्या यादीतलेच असावेत. अर्ज घेताना क्रमांक, तारीख आणि वेळ टाकून पावती द्या, वहीत नोंद करा.

छाननीत सूत्र साधं ठेवा. माणूस कोण हे निर्विवाद कळतं पण सभासद क्रमांकात एक आकडा चुकला आहे, तर अर्ज मंजूर. सही नाही, थकबाकी आहे, सूचक यादीत नाही, तर नामंजूर. कारण त्याच दिवशी अर्जावरच लिहून सही करा आणि उमेदवाराला प्रत द्या.

माघारीचा अर्ज उमेदवाराने स्वतः द्यावा किंवा सही ओळखणाऱ्या अधिकृत माणसाबरोबर पाठवावा. फोनवरची माघार घेऊ नका. नऊ जागांसाठी नऊच अर्ज उरले तर बिनविरोध. सातच उरले तर सात निवडून आले. उरलेल्या दोन जागा स्वीकृत करायच्या की पोटनिवडणुकीने भरायच्या ते घटना सांगेल. सभेत उभं राहून ‘चला, अमक्यांना घेऊया’ असं करायचं नाही.

टप्पा ६: मतदान आणि मोजणी

मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णक्रमाने. मतदारसंख्येपेक्षा पाच टक्के जास्त छापा. स्थळप्रतीवर क्रमांक असावा, मतपत्रिकेवर तोच क्रमांक नसावा, नाहीतर कोणी कोणाला मत दिलं ते उघडं पडतं. मागच्या बाजूला निवडणूक अधिकाऱ्याची सही.

टेबलं किती लागतील याचा हिशेब करा. नऊ जणांना मत द्यायचं तर एका मतदाराला आडोशामागे तीन मिनिटं लागतात, म्हणजे एका टेबलावर तासाला वीस जण. सहा तासांत ६०० मतदार अपेक्षित असतील तर तासाला १००, म्हणजे पाच टेबलं. पण रविवारी सकाळी लोक जेवणाच्या आधी एकदम येतात. आठ टेबलं मांडा.

ओळख क्लबच्या कार्डावरून. फोटो जुना असेल तर सरकारी ओळखपत्र. सही यादीतल्या नावासमोर घ्या, कोऱ्या कागदावर नको. मतदान सुरू असताना बार बंद ठेवावा, असं आमचं मत. कायदा तसं म्हणत नाही. पण दुपारी तीननंतरची निम्मी भांडणं त्यामुळे टळतात.

मोजणीपूर्वी मत बाद ठरण्याचे निकष फलकावर लावा: नऊपेक्षा जास्त खुणा, मतदाराची सही किंवा नाव, खूण दोन नावांच्या मधोमध. नऊपेक्षा कमी खुणा असलेलं मत वैध, जोपर्यंत घटना वेगळं सांगत नाही. मागे अधिकाऱ्याची सही राहिली असेल तर ती मतदाराची चूक नव्हे. अशा पत्रिकांचं काय करायचं ते पेटी उघडण्याआधीच ठरवून लिहून ठेवा.

*तपासा:* मतं मोजण्याआधी पत्रिका मोजा. दिलेल्या पत्रिका = पेटीत सापडलेल्या + खराब झाल्याने परत घेतलेल्या + बाहेर गेलेल्या. शेवटचा आकडा शून्य हवा. मेळ बसला की २५-२५ चे गठ्ठे करा आणि मगच मोजणी.

समान मतं पडली तर घटनेप्रमाणे. घटना गप्प असेल तर दोन्ही उमेदवारांसमोर चिठ्ठी, आणि तसा आधी जाहीर केलेला नियम. निकालपत्रकावर प्रत्येकाची मतं, वैध, बाद आणि एकूण लिहून उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्या. पत्रिका सीलबंद ठेवा. चेंज रिपोर्टवर आदेश झाल्यावरही अपिलाचे ६० दिवस संपेपर्यंत त्या नष्ट करायच्या नाहीत.

टप्पा ७: सभा आणि इतिवृत्त

हजेरी वहीत सही आणि वेळ. नियोजित वेळी अध्यक्षांनी उपस्थिती मोजून आकडा मोठ्याने सांगावा. कोरम मोजताना थकबाकीदार धरायचे नाहीत. तहकूब केली तर वेळ लिहा, पुन्हा सुरू केल्याची वेळ आणि उपस्थितीही लिहा. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचं काहीही घेऊ नका.

हिशेब मांडताना तपासलेले, सही-शिक्क्याचेच मांडा. ‘ऑडिटच्या अधीन राहून मंजूर’ असा ठराव म्हणजे मंजुरी नाहीच.

प्रत्येक ठरावाला क्रमांक, सूचक, अनुमोदक, बाजूने, विरोधात, तटस्थ. ‘बहुमताने’ एवढं पुरत नाही, आकडे लिहा. निवडणुकीचा ठराव असा लिहा की तोच जसाच्या तसा चेंज रिपोर्टमध्ये उतरवता येईल: जाणाऱ्यांची पूर्ण नावं आणि कारण (मुदत संपली, राजीनामा, मृत्यू), येणाऱ्यांची पूर्ण नावं, आणि जे पुन्हा निवडून आले त्यांचीही. नावं आधारकार्डावर जशी आहेत तशीच. ‘बाळासाहेब’ आणि ‘अण्णा’ इतिवृत्तात नकोत.

इतिवृत्त तीन दिवसांत लिहून घ्या. बांधीव, पृष्ठांकित वही असावी. संगणकावर छापून चिकटवणार असाल तर सही पान आणि वही दोन्हींवर आडवी यावी. उरलेली कोरी जागा रेघ मारून बंद करा.

टप्पा ८: चेंज रिपोर्ट

आधी छोटं काम: कलम ४ ची कार्यकारी मंडळाची यादी सभेपासून १४ दिवसांत निबंधकांकडे. चेंज रिपोर्टच्या नादात ही राहून जाते.

नव्या कमिटीच्या पहिल्या बैठकीत पदाधिकारी निवडा आणि चेंज रिपोर्ट कोण दाखल करणार त्या विश्वस्ताला ठरावाने अधिकार द्या. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवस मिळतात. सभा २७ सप्टेंबरला झाली तर २६ डिसेंबर. ऐकायला भरपूर वाटतात, पण मध्ये दसरा-दिवाळी येते आणि जाणाऱ्या मंडळींच्या सह्या त्यातच अडकतात. ३० दिवसांचं लक्ष्य ठेवा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून आणि खर्च भरून मुदत वाढवून मागता येते. ते गृहीत धरू नका.

शेड्यूल तीनच्या, म्हणजे चेंज रिपोर्टच्या, अर्जासोबत लागणारे कागद: सभेची नोटीस आणि पाठवल्याचे पुरावे, हजेरीपत्रक, इतिवृत्ताची खरी नक्कल, निवडणूक कार्यक्रम आणि निकालपत्रक, पक्की मतदार यादी, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, जाणाऱ्यांची ना-हरकत, अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र, घटनेची प्रत, शेड्यूल एकचा उतारा, मागचा आदेश. जाणाऱ्यांपैकी कोणी सही देत नसेल तर मागणीचं पत्र पाठवल्याची पोच जोडा. त्यांची वाट बघत बसू नका.

पदांचा बदल, पत्त्याचा बदल, घटना दुरुस्ती हे सगळं एका अर्जात कोंबू नका. विश्वस्तांचा बदल वेगळा, घटनेचा वेगळा. एकावर हरकत आली की दुसराही अडकतो.

हरकत आली तर चौकशी होते, अर्जदाराला शपथेवर सांगावं लागतं आणि उलटतपासणीत पुन्हा तेच विचारलं जातं: नोटीस कोणाला मिळाली नाही? टप्पा ४ मधली फाईल इथे कामाला येते. चौकशी सुरू असताना रोजचा कारभार थांबत नाही. जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देणं किंवा क्लबसाठी कर्ज काढणं या गोष्टींना तशीही धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. कमिटीच्याच वैधतेवर वाद असताना त्या वाटेला जाऊ नका.

टप्पा ९: ताबा

ताबा यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी, शक्यतो एकाच दिवशी.

बँक: सह्या बदलायला ठराव, निकालपत्रक आणि चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच द्या, काही शाखा आदेशाशिवाय हलत नाहीत. म्हणून मतदानाच्या आठवड्यातच पगार, वीजबिल आणि १५ तारखेचा पीएफ जुन्या सह्यांनी भरून टाका. जुन्या सह्या रद्द करण्याचं पत्र नव्या सह्या चालू झाल्यावरच द्या.

ओटीपी: जीएसटी, पीएफ, प्राप्तिकर आणि धर्मादाय पोर्टल यांच्यावर जुन्या चिटणिसांचा मोबाइल नोंदलेला असतो. ते निवडणूक हरले असतील तर २० तारखेचं जीएसटी विवरणपत्र त्यांच्या मर्जीवर राहतं. निवडणूक जाहीर झाली की लगेच क्लबच्या नावाचं वेगळं सिमकार्ड आणि ईमेल करून सगळीकडे तेच नोंदवा.

परवाने: खाद्यगृहाच्या एफएसएसएआय नोंदीवरचं जबाबदार व्यक्तीचं नाव, अग्निसुरक्षेचा ‘ब’ नमुना (जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा), आणि मद्याचा एफएल-४ परवाना, ज्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती असतेच. क्लबची कमिटी बदलली म्हणून ती आपोआप विसर्जित होत नाही. नव्या उत्साहात तिला हात लावू नका.

बारचा साठा त्याच दिवशी मोजा, ब्रँडनिहाय. सीलबंद बाटल्या मोजणं सोपं असतं. फरक निघतो तो फोडलेल्या बाटल्यांत. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग, या हिशेबाने मापाने ओतून मोजा, उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदवहीतल्या शिलकीशी ताडा, आणि फरक निघाला तर तो आकडा ताबा यादीतच लिहून जुन्या-नव्या दोन्ही चिटणिसांची सही घ्या.